त्रेचाळीस धक्के

ग्रंथपालाची आणि बघतो मिस्त्रीची पहिली भेट झाली, तेव्हा मिस्त्रीचे फक्त पाय हजर होते. बाकीचा मिस्त्री एका निळ्या गाडीखाली होता आणि त्याला बाहेर यायची मुळीच घाई नव्हती. ग्रंथपाल आजही छातीवर हात ठेवून सांगतो की, तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा नुकतीच दाढी करून आला होता आणि ते पाय पहिल्यांदा हलले तेव्हा त्याच्या गालाला हात लागला तर टोचत होतं. तेवढ्या वेळात समोरच्या भिंतीला रंगाचा एक हात मारून झाला, तो वाळला आणि रंगारी दुसऱ्या हातासाठी शिडी घेऊन आला. शेजारच्या दुकानातल्या शिंप्याने एक अख्खा कोट बेतला, शिवला आणि तो घट्ट होतो म्हणून गिऱ्हाइकाशी भांडूनही घेतलं. पाय जागचे हलले नाहीत.

मात्र ते साधेसुधे पाय नव्हते. डावा अंगठा तर चेहऱ्याने उजव्यापेक्षा हुशार दिसत होता. शेवटी नाइलाज होऊन ग्रंथपालाने गाडीची सगळी हकिकत त्या पायांनाच सांगायला घेतली.

"सपाट रस्त्यावर अगदी छान चालते हो."

पाय स्वस्थ.

"पण चढण लागली की अडखळते. म्हणजे बोलता बोलता एखाद्याला ठसका लागावा ना, तसं. एक धक्का, मग थोडं बरं, मग लागोपाठ तीन."

डावा अंगठा ताठ झाला.

"पाण्याच्या टाकीच्या चढणीला परवा त्रेचाळीस धक्के बसले. माझ्या सासूबाईंनी मोजले."

हे ऐकल्यावर दोन्ही पाय एकमेकांकडे वळले, टाचेला टाच लागली, काहीतरी सल्लामसलत झाली. मग गाडीखालून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक आवाज आला.

"बघतो."

एवढं बोलून पाय पुन्हा शांत झाले.

हा शब्द मिस्त्रीचा सगळा शब्दकोश होता. गाडी उद्या मिळेल का, असं विचारलं तरी बघतो. जेवायला येताय ना? बघतो. तुमच्या अंगाला आग लागलीय, असं कुणी ओरडलं असतं तरी त्याने आधी बघतोच म्हटलं असतं. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि त्याच्या लायसन्सला माहीत होतं. बाकी अख्खी गल्ली त्याला बघतो म्हणायची. "गाडी कुठे टाकलीस?" "बघतोकडे." "मग मिळेल. कधी ते विचारू नकोस."

यथावकाश मिस्त्री बाहेर आला, तोही एकदम आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. आधी गुडघे आले. मग पोट यायला लागलं, ते बराच वेळ येतच राहिलं. त्यानंतर ग्रीसने रंगलेला बनियन, आणि शेवटी एक गोल, सावकाश, अतिशय प्रेमळ चेहरा, ज्यावर फक्त डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं मूळ रंगाची होती. त्याने ग्रंथपालाकडे पाहिलं नाही, थेट गाडीकडे पाहिलं. लग्नात मांडवाच्या दारातून एखादा थोरला मामा फक्त भाचीकडे पाहतो आणि जावयाला नंतर बघू म्हणतो, तसं.

"हिला किती वर्षं झाली?"

"माझ्या लग्नाच्या आधीची आहे."

"मग बरोबर," मिस्त्री म्हणाला. "सोडून जा."

ग्रंथपाल घाबरला. "उघडून तरी बघा की एकदा."

"आधी ही बघेल," असं म्हणून मिस्त्रीने मागे बोट दाखवलं.

मागे त्याची बायको उभी होती. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. सुती साडीवर तिने नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता आणि हातात रॉकेलचं डबडं आणि एक ब्रश होता. या गॅरेजचा एक कायदाच होता: गाडी आली की पहिला मान वहिनीचा. ती बॉनेट उघडायची, इंजिन रॉकेलने धुवायची आणि मालकांनी हौसेने इंजिनाला जे जे काही नेसवलेलं असेल ते सगळं उतरवायची. लोक इंजिनाला काय काय गुंडाळतात याची कल्पना बाहेरच्याला यायची नाही. जुने रुमाल, सुतळ्या, चिकटपट्ट्या, एका गाडीतून तर लहान मुलाचं एक कानटोपरंही निघालं होतं. वहिनी ते सगळं काढून डब्यात टाकायची, इंजिन कोरड्या फडक्याने पुसायची आणि मग मिस्त्रीला हाक मारायची. "पेशंट आंघोळ करून आला पाहिजे," असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. वीस वर्षांत त्याने मळकं इंजिन पाहिलेलं नव्हतं.

ग्रंथपाल गाडी सोडून चालत घरी गेला. त्याचं काय पणाला लागलं होतं हे मिस्त्रीला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं.

ग्रंथपालाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्यात बायको, सासूबाई आणि दोन मुली. मुलींमध्ये एका कंगव्यावरून पिढीजात असावं तसं युद्ध चालू होतं. सासूबाईंना कमी ऐकू येत नसे, पण इतरांना कमी येत असावं असा त्यांचा समज होता, त्यामुळे रेडिओ मोठ्याने लागे. ग्रंथपालाला आयुष्यात एकच व्यसन, वाचन. आणि वाचनालय ही जगातली अशी एकच जागा आहे की जिथे सगळ्यांना वाचता येतं, फक्त ग्रंथपालाला येत नाही. पुस्तक उघडलं की समोर कुणीतरी उभं. "ते लाल कव्हराचं पुस्तक द्या." "कुठलं?" "अहो, जाड आहे बघा."

म्हणून तो गाडीत वाचायचा. गाडी दाराशेजारच्या बोळकंडीत उभी असायची. संध्याकाळी तो मागच्या सीटवर आडवा व्हायचा, डोक्याखाली उशी, पाय पलीकडच्या खिडकीत, काचा वर. आतून जग मुकं दिसायचं. बायको दारात उभी राहून काहीतरी बोलतेय हे कळायचं, काय ते कळायचं नाही, आणि संसारात याहून अधिक सुख मागू नये असं त्याचं मत झालं होतं. गाडीने कुठे जावं अशी त्याची काही अपेक्षा नव्हती. ती दाराशी असावी, एवढंच.

पण बायकोचं मत वेगळं. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला होती. रोज दोन बस बदलून, उभ्याने जायची आणि उभ्याने यायची. दारात गाडी असून आपण बसच्या दांड्याला लोंबकळतो आणि नवरा त्या गाडीत पाय पसरून कादंबरी वाचतो, हे दृश्य कुठल्याही बायकोला फार दिवस बघवणारं नव्हतं. त्रेचाळीस धक्क्यांच्या दिवशी तिने निकाल लावला.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दादाकडे जायचंय. वर, टेकडीवर. आईला घेऊन."

"बसनं गेलो तर..."

"गाडीनं. आणि एक जरी धक्का बसला, तरी सोमवारी भंगारवाल्याला बोलावते. जागा मोकळी होईल. दोन कुंड्या ठेवीन मी तिथे."

"कुंड्या?"

"त्या निदान फुलतात तरी."

"आणि धक्के देत नाहीत," आतून सासूबाई म्हणाल्या. रेडिओ चालू असून.

चार दिवसांनी गाडी मिळाली. चारही प्लग काळे पडले होते, ते मिस्त्रीने बदलले होते. "हिचं मिसिंग, म्हणजे हे अडखळणं, प्लगमुळेच," तो म्हणाला. ग्रंथपालाला शेजारी बसवून त्याने गाडी टाकीच्या चढणीला घातली. गाडी अशी चढली की जणू वर तिचं माहेर होतं. ना ठसका, ना धक्का. ग्रंथपालाला मिस्त्रीला मिठी मारावीशी वाटली, पण शर्ट पांढरा होता.

घरी येऊन त्याने कौतुकाने बॉनेट उघडलं आणि त्याचा जीव कळवळला.

त्याचं असं होतं की, विस्कटलेलं काही त्याला सहन होत नसे. हा त्याचा धंद्याने लागलेला आजार. महिन्यापूर्वी त्याने आयुष्यात पहिल्यांदा बॉनेटच्या आत नजर टाकली होती आणि प्लगांकडे जाणाऱ्या चार काळ्या वायरी इकडेतिकडे लोंबताना पाहून त्याला रात्रभर चैन पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने वाचनालयातून काळी कापडी पट्टी आणली, तीच, जी फाटक्या पुस्तकांच्या पाठीला लावतात. चारही वायरी एका रांगेत, एकीला एक चिकटवून, फूटपट्टीने आखाव्यात तशा सरळ बांधून टाकल्या. किती देखणं दिसलं होतं ते! आणि आता बघतो तर मिस्त्रीकडून आलेल्या गाडीत पट्टीचा पत्ता नाही, वायरी पुन्हा मोकाट. कामगार माणूस, त्याला कुठली आलीय सौंदर्यदृष्टी, असं मनाशी म्हणत ग्रंथपालाने पट्टी आणून वायरी पुन्हा बांधल्या. याबद्दल तो कुणाशी बोलला नाही. आपण लेकराचे केस विंचरले हे काय गावभर सांगायचं असतं?

संध्याकाळी सासूबाईंना मागे बसवून तो टाकीच्या चढणीला गेला. सासूबाई मोजणीला बसत तेव्हा डोळे मिटून घेत आणि बोटांची पेरं धरत.

"किती?" वर पोचल्यावर त्याने घाबरत विचारलं.

"एकोणचाळीस," सासूबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली, "दोन बारीक होते, ते धरले नाहीत."

गाडी परत मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्रीने या वेळी कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकले, टाकीतला कचरा काढला, पेट्रोलची नळी बदलली. वहिनी फडकं पिळत म्हणाली, "अहो, त्या वायरींना..." मिस्त्री म्हणाला, "बघतो." आणि तो कार्बोरेटर बघत राहिला. पुन्हा चढण, पुन्हा माहेर, पुन्हा ग्रंथपाल हर्षभरित होऊन घरी. पुन्हा बॉनेट उघडलं, पुन्हा वायरी मोकाट, पुन्हा पट्टी.

"सत्तेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. "वाढले, जावईबापू."

तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, डिस्ट्रिब्युटरची टोपी उन्हात धरून तिला तडा गेलाय का ते नातवाच्या दातासारखं निरखून पाहिलं, कॉइल नवी बसवली. खरं तर आता जुनं काही उरलंच नव्हतं. "अहो, मी काय म्हणते, त्या काळ्या पट्टीचं..." वहिनीने पुन्हा सुरुवात केली. "बघतो म्हटलं ना!" मिस्त्री खेकसला. वीस वर्षांत तो पहिल्यांदाच खेकसला होता. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

आणि शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथपाल चौथ्यांदा दारात उभा राहिला. तोंड उतरलेलं.

"किती?" मिस्त्रीने विचारलं.

"चव्वेचाळीस."

मिस्त्री एका टायरवर बसला. "माझ्याकडे चढते. तुमच्याकडे चढत नाही."

"हो."

"गाडी तीच. चढण तीच."

"सासूबाई असतात मागे," ग्रंथपाल अपराधी आवाजात म्हणाला. "पण त्या वजनाने तशा..."

"मी दोन पोती वाळू टाकून चढवलीय हिला."

ग्रंथपाल बघत होता, मिस्त्रीच्या डोळ्यांभोवतीची वर्तुळं जरा ओली झाली होती. ग्रंथपालाला स्वतःच्या दारातल्या कुंड्या दिसत होत्या. मिस्त्रीला काय दिसत होतं कोण जाणे. ग्रंथपाल म्हणाला, "मग बघता ना?" त्यावर मिस्त्रीने जे उत्तर दिलं त्याने गल्लीत तासाभरात हाहाकार उडाला. तो म्हणाला, "आता काय बघायचं?"

मग एकदम उठला. "साहेब, गाडीत काही नाही. जे आहे ते तुमच्या घरात आहे. उद्या सकाळी येतो."

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा सदरा, चापून बसवलेले केस, तुकतुकीत गोरा चेहरा. ग्रंथपालाने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" मग त्याची नजर खाली गेली आणि डावा अंगठा पाहून त्याला ओळख पटली. "अरे, मिस्त्री! या, या!"

मिस्त्रीने खुर्ची मधोमध ओढली आणि चौकशी सुरू केली. पहिल्या सासूबाई.

"आजी, धक्का बसतो तो कुठून बसतो?"

"खालून. वरून कसा बसेल?"

"तसं नाही. पुढून की मागून?"

"मी मागे असते. मला मागूनच कळणार. पुढचं जावईबापूंना विचारा, त्यांना तसंही काही कळत नाही."

"मोजण्यात चूक नाही ना होत?"

सासूबाई ताठ झाल्या. "मी चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीय. साठ मुली, एकसारखी वेणी, एकसारखा गणवेश. एक कमी झाली तर मान वर न करता सांगायची."

मिस्त्रीने हात जोडले आणि तो ग्रंथपालाच्या बायकोकडे वळला. "ताई, गाडीला कोण कोण हात लावतं?"

"हात? अहो, ते आत झोपतात."

"वाचतो," ग्रंथपाल म्हणाला.

"डोळे मिटून?"

"मी विचार करत असतो तेव्हा."

"घोरत?"

मिस्त्रीने हे प्रकरण घरगुती आहे असं ओळखून चहाच्या कपात तोंड घातलं. कपावरून त्याची नजर खोलीभर फिरू लागली. आधी फिरली नुसतीच, मग हळूहळू अडखळायला लागली. कोपऱ्यात चार छत्र्या होत्या, एका ओळीत, काळ्या पट्टीने एकत्र बांधलेल्या. दाराशी चपला, जोडीजोडीने पट्टीत. स्वयंपाकघरात उलथनं, झारा, डाव आणि चिमटा एका पट्टीत आवळून खिळ्याला टांगलेले. एका मुलीला पोळीसाठी उलथनं हवं होतं तर तिने अख्खी जुडी उचलून तव्यात घातली. आणि भिंतीवरून, छतापासून जमिनीपर्यंत, रेडिओची, इस्त्रीची आणि दिव्याची अशा तीन वायरी गेल्या होत्या. एकीला एक चिकटून. फूटपट्टीने आखाव्यात तशा. दर वितीवर काळी पट्टी.

मिस्त्रीने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता.

"हे कोणी केलं?"

ग्रंथपालाचा चेहरा उजळला. घरात आजवर कुणी कौतुकाने विचारलं नव्हतं. "मीच. वायरी लोंबत असल्या ना, की मला बघवत नाही."

मिस्त्री उठला, बोळकंडीत गेला आणि त्याने बॉनेट उघडलं. घरातली सगळी माणसं त्याच्यामागून गेली. आत चार वायरी शिस्तीत झोपल्या होत्या. मिस्त्री त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिला की ग्रंथपालाला वाटलं, यालाही सौंदर्यदृष्टी आहे की काय. मग मिस्त्रीचं पोट हलायला लागलं. ते आधी हललं, मग खांदे हलले, आणि सगळ्यात शेवटी, गाडीखालून बाहेर येताना येतो त्याच क्रमाने, तोंडावर हसू आलं.

"साहेब," डोळे पुसत तो म्हणाला, "तुम्हाला भाऊ आहेत?"

"तीन आहेत. का?"

"एका घरात राहता?"

"छे! वेगळे झालो. दहा वर्षं झाली."

"का झालात?"

ग्रंथपाल चाचरला. "म्हणजे... एकाच्या वाटचं दुसरा..."

"हं! हे पण चार सख्खे भाऊ आहेत. आणि म्हातारे झालेत, अंगावरचं रबर विरलंय. प्रत्येकाचा करंट वेगळा, प्रत्येकाची पाळी वेगळी. तुम्ही यांना एका अंथरुणात घालून वर पट्टी आवळली. सपाट रस्त्यावर सगळे गुण्यागोविंदाने राहतात. चढण आली, इंजिनावर भार आला, की एकाचा करंट शेजारच्याच्या अंगात उडी मारतो. ज्याची पाळी त्याला मिळत नाही, ज्याची नाही त्याला फुकट मिळतो. की बसला धक्का!" त्याने खिशातून सुरी काढली आणि पट्टी चरचर कापली. "करा वाटणी. बोटभर अंतर ठेवा. एकमेकांना शिवता कामा नयेत."

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "हे सगळं यांनी केलं?"

"प्रेमाने केलं, ताई."

"प्रेमाचं नका सांगू मला. माझी उलथनी बघितली ना तुम्ही?"

सासूबाईंना मात्र राहवलं नाही. "मग ते सत्तेचाळीस कसे झाले? मध्येच वाढले ते?"

ग्रंथपाल जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या वेळी मी जरा जास्त घट्ट बांधलं होतं."

वायरी वेगळ्या ठेवणाऱ्या पकडी बसवायच्या म्हणून गाडी लगेच गॅरेजवर नेली. मिस्त्री सगळ्या वाटेत शीळ वाजवत होता. गॅरेजच्या दारातूनच त्याने ललकारी दिली, "सापडलं! घरी जाऊन पकडलं! चहा पिता पिता पकडलं!" शिंपी बाहेर आला, रंगारी शिडीवरून उतरला. मिस्त्रीने छत्र्यांपासून उलथन्यांपर्यंत सगळी हकिकत हातवारे करून सांगितली. वहिनीने ती शांतपणे, फडकं घडी करत, शेवटपर्यंत ऐकली. मग तिने फळीवरून एक डबा काढला आणि नवऱ्यासमोर उपडा केला. काळ्या कापडी पट्टीची तीन भेंडोळी गडगडत बाहेर आली.

"तीनदा सांगत होते," ती म्हणाली.

"कधी?"

"प्लग बदलले तेव्हा. जेट फुंकलेत तेव्हा. आणि माझ्या अंगावर खेकसलात तेव्हा."

"मग ओरडून सांगायचं ना!"

"कशाला ओरडू? तुम्ही बघतो म्हणालात. मला वाटलं, बघताय."

शिंपी आत गेला आणि मशीन जोरात चालवू लागला. त्याच्या मशीनवर त्या वेळी कापड नव्हतं. मिस्त्रीने आपल्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तो गाडीखाली गेला. गाडीखाली त्याचं काहीही काम नव्हतं.

रविवारी सगळे टेकडीवर निघाले. पुढे ग्रंथपाल आणि बायको, मागे दोन मुली आणि मध्ये सासूबाई, डोळे मिटून, अंगठा पहिल्या पेरावर. टाकी आली. गाडी गेली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बायको समोर बघत होती आणि ओठ घट्ट मिटून होती. तिसऱ्या वळणावर एका खड्ड्यात चाक आदळलं, तेव्हा सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"तो रस्त्याचा," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "धरला नाही."

वर पोचेपर्यंत त्यांचा अंगठा पहिल्या पेरावरून हललेला नव्हता. दादाच्या दारात उतरताना त्या जरा खट्टूच दिसत होत्या. "एकही नाही," त्यांनी जाहीर केलं. "आता मी परत जाताना काय करू?"

कुंड्या गेल्या. भंगारवाला गेला. ग्रंथपालाला दादाकडचं जेवण काय होतं ते आठवत नाही, इतका तो खुशीत होता. उतारावरून परत येताना त्याने मनातल्या मनात पुढच्या सहा महिन्यांची पुस्तकं ठरवून टाकली. तेवढ्यात बायको, जी सबंध वाटेत एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, "अहो, तो मधला दांडा पुढे ढकलला की काय होतं?"

"तिसरा गिअर पडतो. का?"

"काही नाही. चांगली चालते हो. मला वाटलं नव्हतं."

ग्रंथपालाच्या मनातली पुस्तकांची यादी तिथेच थांबली. ती उगाच थांबली नव्हती. दोन महिन्यांत बायकोने शिकवणी लावून गाडी शिकून घेतली. तिसऱ्या महिन्यापासून गाडी सकाळी नऊला निघायची आणि तिच्या कचेरीतल्या तीन मैत्रिणींना घेऊन फिरत फिरत संध्याकाळी साडेसातला यायची. रविवारी सासूबाईंना टेकडीवर हवा खायला नेलं जायचं. बोळकंडीत तेलाचा एक डाग उरला. ग्रंथपाल पुस्तक काखेत मारून त्या डागापाशी थोडा वेळ उभा राहायचा आणि आत कंगव्याच्या युद्धात परतायचा.

एके दिवशी तो गॅरेजवर गेला. मिस्त्रीचे पाय एका पांढऱ्या गाडीखालून दिसत होते. ग्रंथपाल त्यांच्यापाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू? जरा बिघडवून द्याल का?"

पाय दचकले. पोट, बनियन, चेहरा, सगळं एका दमात बाहेर आलं. इतक्या वेगात मिस्त्री बाहेर आलेला गल्लीने पाहिला नव्हता.

"काय?"

"फार नको. दहाबारा धक्के बसतील एवढंच. बायको कंटाळेल आणि..."

"साहेब," मिस्त्री दुखावल्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडून बिघडलेली गाडी परत गेली असेल, दहा वेळा गेली असेल. बिघडवलेली एकही गेली नाही."

"चुकलो," ग्रंथपाल म्हणाला आणि त्याने काखेतलं पुस्तक उगाचच दुसऱ्या काखेत घेतलं.

मिस्त्रीने त्या पुस्तकाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने गाडी सोडून मालकाकडे नीट पाहिलं असावं. "या," म्हणाला.

गॅरेजच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली एक लांबलचक करडी गाडी उभी होती. मालक परगावी गेला होता, तो दीड वर्ष फिरकलाच नव्हता. वहिनीने मागची सीट रॉकेलने नव्हे, साबणाने पुसून दिली. खिडकीच्या काचा वर होत होत्या. ग्रंथपाल आत शिरला, आडवा झाला, पाय पलीकडच्या खिडकीत टाकले. ही गाडी घरच्यापेक्षा वीतभर लांब होती. बाहेर मिस्त्री आणि वहिनी कशावरून तरी वाद घालत होते, तोंडं हलत होती आणि आवाज येत नव्हता. त्याने पहिलं पान उघडलं.

वाचनालय दुपारी एक ते चार बंद असे, तरी आत ग्रंथपाल दिसला की लोक दार वाजवत. साडेचार महिने तो रोज त्या वेळात या करड्या गाडीत येत होता. वहिनी खिडकीतून चहा द्यायची. मिस्त्री कधी कधी काचेवर टकटक करून विचारायचा, "कुठवर आलंय?" आणि ग्रंथपाल त्याला गोष्ट सांगायचा. एका जाड कादंबरीचा शेवट मिस्त्रीला पटला नाही, तर त्याने दोन दिवस ग्रंथपालाशी बोलणं टाकलं.

मग एका बुधवारी त्या करड्या गाडीचा मालक आला. तिची बॅटरी तेवढी उतरली होती. ती बदलली, गाडी सुरू झाली आणि तो ती घेऊन गेला. दुपारी ग्रंथपाल पुस्तक काखेत मारून आला, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली तेलाचा एक डाग उरला होता.